खळ

नळीभट्टीत आज टॉवेलची चिंधी.
नऊशे अंश, नायट्रोजनचा संथ वारा.
जळू द्यायचं नाही,
नुसतं काळं होऊ द्यायचं.

बाहेर केगावच्या माळावर त्रेचाळीस.
आत मी, गड्डमांची धाकटी,
मागावरून उठून आलेली.

नायना चिमटीत सूत धरून सांगायचे,
फंदे दाट पाहिजेत पोरी,
पाणी फंद्यात मुरतं, सपाटीवर नाही.
तेच मी अहवालात लिहिलं,
वर 'पृष्ठफळ' हा शब्द घालून.

दोनशे बाराव्या फेरीला सेल बसला.
निकेलचा थर सुटला होता,
उन्हात सोललेल्या पाठीसारखा.
सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो घरी नेला.
चष्मा कपाळावर ढकलून नायना म्हणाले,
"खळ नीट बसली नाही."

मला हसू आलं. मग झोप आली नाही.

सकाळी बीकरमध्ये चिंचोक्याची खळ शिजवली.
प्रयोगशाळाभर आमच्या अंगणाचा वास.
काळ्या चिंधीला थर दिला, वाळवलं,
सेल बांधला, तारा जोडल्या.

संध्याकाळी वीज जाईल,
पूर्व भागातले माग एकेक करून गप्प होतील,
नायना धोट्यावर हात ठेवून बसतील.

फेरी पहिली.
पडद्यावरचा आकडा थरथरतोय.
मी चहाला जाते.