खोट

गुरुवारी संध्याकाळी, रुस्तावीत,
पोलाद कारखान्यामागच्या शाळेत
ओतिया मास्तर आले ते हातात मक्याचं कणीस घेऊन.
आम्ही अकरा जण, दिवसपाळी करून आलेले,
साबणानं न गेलेला ग्रीसचा वास अजून बोटांना.
कणीस खडूच्या पेटीवर ठेवून म्हणाले,
हे लोखंड समजा.

दाणे ओळीत. ओळीला ओळ लागून.
मग त्यांनी नखानं एक जागा दाखवली.
एक ओळ अर्ध्यातच संपली होती,
आणि शेजारच्या दोघी जवळ सरकून
खांद्याला खांदा लावून पुढे गेल्या होत्या,
मधे कुणी नव्हतंच अशा.

ह्याला म्हणायचं विस्थापन.

मागच्या बाकावर दारेजानचं पेन थांबलं.
तिच्या ओळखपत्रावर हाच शब्द आहे.
सुखुमी सुटलं तेव्हा सहा वर्षांची होती,
तेव्हापासून वसतिगृहाचा तिसरा मजला,
बाल्कनीला पत्रे ठोकून केलेलं स्वयंपाकघर.
तिनं विचारलं, मास्तर, उरलेली अर्धी ओळ कुठे गेली?
मास्तर म्हणाले, कुठे नाही. ती एवढीच होती.
दारेजाननं हे वहीत उतरवलं नाही.

मी उतरवलं. पुढचंही :
एकही खोट नसलेलं लोखंड वाकवायचं
तर सगळ्या ओळी एका दमात सरकवाव्या लागतील,
हजारपट जोर लागेल.
खऱ्या लोखंडात ओळीचं ते तुटकं टोक सरकतं,
एका वेळी एक पाऊल,
आणि सळई वाकते.

घरी पलंगाखालचा गालिचा ओढून पाहिला. हलेना.
कडेला सुरकुती पाडली, टाचेनं रेटत पार टोकाला नेली.
गालिचा वीतभर सरकला.
नवरा म्हणाला, हे कोण शिकवतं तुला?
म्हटलं, लोखंड.

झाउर वेल्डर. त्याचा हात कशावर बसत नाही.
तिसऱ्या तासाला तांब्याची तार घेऊन बसला वाकवत :
पहिल्यांदा लोण्यासारखी,
चौथ्यांदा दातओठ खायला लावणारी,
सातव्यांदा तुटली.
मास्तर म्हणाले, आत गर्दी झाली.
इतकी विस्थापनं की एकमेकांत अडकून बसली,
कुणालाच हलता येईना,
आणि बाहेरचे आपण म्हणतो, काय कणखर आहे!
(दारेजान हसली. पहिल्यांदाच.)

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणतात.
तांब्याचं उलट आहे.
भट्टीत लाल होऊ द्या, गार होऊ द्या,
पीळ जातो, तांबं राहतं.
सगळा मात्र जात नाही.
अणूंच्या रिकाम्या जागा तर उष्णतेनं वाढतातच,
शून्यावर कुठलीच भट्टी आणू शकत नाही.
हे सांगताना मास्तरांनी चश्मा पुसला,
आणि पुसतच राहिले.

मी नमुने घासते. नऊ वर्षं झाली.
काचेसारखं होईतो घासायचं, आम्लाचा थेंब,
सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं,
आणि तक्त्यात लिहायचं : खोट, नगण्य.
त्या आठवड्यात पहिल्यांदा खड्डे मोजायला बसले.
जिथे जिथे विस्थापनाची रेघ वर येते
तिथे आम्ल तेवढंच कुरतडतं.
टाचणीच्या टोकाएवढी जागा.
हजाराच्या पुढे आकडा चुकला,
पुन्हा एकपासून सुरुवात केली,
पुन्हा चुकला.
तक्त्यात काय लिहावं कळेना.
शिफ्ट सुटली, रकाना तसाच कोरा ठेवला.
वरिष्ठांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं
"नगण्य" लिहून टाकलं.

पण मला सांगायचं होतं ते त्या पहिल्या गुरुवारचं.
वर्ग सुटल्यावर दारेजाननं कणीस मागून घेतलं.
थांब्यावर वारा होता, दिवा लुकलुकत होता,
ती अंगठ्यानं ती जागा चाचपत उभी,
जिथे ओळ संपते तिथे थांबून
पुन्हा मागे येत.
मी काही विचारलं नाही.
बसचे दिवे वळणावर दिसले तेव्हा म्हणाली,
कोवळं आहे अजून.
मीठ घालून उकडलं
तर दोघींना पुरेल.