ओलीवरचा शाळू

रविवारची शाळा सुटायला दहा मिनिटं होती.
एमानुएल मास्तरांनी फळ्यावर दोन रकाने आखले,
वर लिहिलं: ग्रीक तत्त्वज्ञानी.
जुने धर्मपिते यावरून भांडले, म्हणाले.
एकाला वाटे, यांनी पाणी आमच्याच विहिरीतलं चोरलं,
मोशेच्या पोहऱ्यानं.
दुसऱ्यानं दारच लावून घेतलं:
आमच्या दिव्याला बाहेरची वात नको.
तिसरा म्हणे, शब्दाचं बी वाऱ्यावरचं,
कुठंही पडतं.

शेवटच्या बाकावरून रूथ येमुल:
"मग सॉक्रेटिस आत्ता कुठंय?"

पलीकडच्या गल्लीत एक माग रविवारीही चालू होता.
मास्तर खडू बोटांत फिरवत राहिले.
मला माझंही विचारायचं होतं.
आमचा खापरपणजा सटवा,
प्लेगात परक्यांची मढी वाहिली त्यानं, पैसा न घेता.
मिशनचा तंबू गावात आला
तो मेल्यावर चौथ्या साली.

"मंगळवेढ्याचा शाळू बघितलाय?"
मास्तर खिडकीकडं बघून बोलत होते.
"पेरतात तेव्हा पाऊस निघून गेलेला असतो.
काळ्या रानात खोल ओल राहते,
तिच्यावरच येतं पीक.
ओल कुणाची, ताटाला माहीत नसतं."
थांबले.
"हे परीक्षेत लिहू नका."

रात्री कडक भाकरी मोडण्याआधी
आईनं प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेतली,
अगदी पुण्याच्या मावसभावाचंही.
आमेन म्हणायला
मी जरासा उशीर केला.