मंगळवारची चळत

मंगळवारी हेमांगीची रात्रपाळी.
साडेसहाला गाडी मागे घेताना
ती दोनदा हॉर्न वाजवते.
पहिला शाल्मलीसाठी,
दुसरा, ‘ते चिकन आज संपव’ म्हणून, माझ्यासाठी.

लास क्रूसेसमध्ये हे आमचं तिसरं वर्ष.
खिडकीतले डोंगर ह्या वेळी
पिकल्या पेरूसारखे आतून गुलाबी होतात
आणि पाच मिनिटांत विझतात.
तेवढ्यात मिरच्या भिजत घालायच्या.
लाल, सुक्या, वीतभर.
देठ मोडायचा, बिया झटकायच्या,
कढत पाण्यात दाबून वर बशी.
मग लसूण, मीठ, आणि नाशिकहून आणलेला मिक्सर,
जो इथल्या विजेवर चालत नाही,
त्याला पायाशी एक वजनदार डबा लागतो,
आणि तरी कुरकुरतो.
रंग बघून दर वेळी हात
सुक्या खोबऱ्याच्या बरणीकडे जातो.
मागे घेतो. ह्या रश्शाचं गाव वेगळं.

पहिल्या वर्षी मी गुंडाळत बसायचो.
सुरळीच्या वड्या जमणारा माणूस मी,
मला कोण गुंडाळायला शिकवणार?
पण मक्याची पोळी म्हणजे बेसन नव्हे.
वाकवली की तडकायची,
पाठीवर आडवी चीर, आतलं चिकन उघडं.
एका ओळीत बारा जखमी ट्रेमध्ये निजवून
वरून चीजची चादर ओढायचो.
नऊ वाजायचे.
शाल्मली टेबलावरच झोपलेली,
गालावर वहीची स्प्रिंग उमटलेली.

एकदा शेजारच्या युलालियाबाई लिंबं द्यायला आल्या.
पेकानच्या बागेत चाळीस वर्षं हिशेब लिहिलेल्या,
बोलतानाही हातचा न विसरणाऱ्या.
ट्रेमध्ये डोकावल्या, गप्प राहिल्या, मग:
‘आधी तेलात बुडवलीस?’
नाही.
‘मग ती कशी वाकेल? तू वाकशील, कोरडा?’

गरम तेलात एक बुडी, चार आकडे मोजून.
मग रश्शात. मग लोखंडी तव्यात, सपाट.
‘गुंडाळतात रविवारी,’ त्या म्हणाल्या,
‘मंगळवारी रचतात.’

त्यांनीच सांगितलं,
हा मका चुन्याच्या निवळीत शिजवलेला असतो.
मला चुना म्हणजे पानाला लावायचा
नाहीतर लोकांना, एवढंच ठाऊक.
आणि एन्चिलादा म्हणजे तरी काय,
मिरची लागलेली.
आमच्याकडे ती नाकाला झोंबते, मी म्हटलं.
‘झोंबू दे. नाक मोकळं राहतं.’

आता अर्ध्या तासात होतं.
पोळी, रस्सा, चीज, बारीक कांदा.
पोळी, रस्सा, उरलंसुरलं चिकन.
पोळी.
भाकऱ्यांची असते तशी चळत, फक्त ओली,
भट्टीत दहा मिनिटं,
आणि वर एक अंडं, कडा कुरकुरीत, मध्ये थरथरतं.
ते फोडायचा मान शाल्मलीचा.
पिवळं लाल उतारावरून खाली येतं
आणि ती स्पेलिंगं म्हणत म्हणत
काट्याने त्याला बांध घालते.
‘नेसेसरी’त किती एस, तिला विचारू नका.
मलाही.

एक चळत राखून ठेवतो,
तव्यातच, फॉइलखाली.
अंडं नाही. अंडं वाट बघत नाही.

सकाळी पावणेआठला मला जाग येते
ती दाराने नाही.
हॉस्पिटलचे बूट न काढता
ओट्याशी उभी राहून कुणीतरी
तव्याची करपलेली कड खरवडत असतं,
चमच्याने, नेटाने,
वाण्याच्या तराजूतला शेवटचा दाणासुद्धा
आपलाच, अशा हक्काने.

‘गार आहे,’ मी आतून म्हणतो, ‘गरम करून घे.’
‘असू दे.’ खरवड, खरवड.
‘तिखट कमी पडलंय.’

मागच्या मंगळवारी सात होत्या.
त्याच्या आधी सहा.