शक्यतो

कायद्याच्या पुस्तकात माझा एक शब्द आहे.
कलम नऊ, पोटकलम दोन, तिसरी ओळ: शक्यतो.
बाकी सगळं सरकारचं.

तेव्हा मी लंडनला होतो, वेस्टमिन्स्टरमागच्या गल्लीत,
पैजांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा माणूस.
जुगार म्हणायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलं
प्रुडन्स हॅलिवेल बाईंनी. फुरसतीचा उद्योग म्हणायचं.
आणि खिशात एक जादा टाय ठेवायचा,
कुणा खासदाराच्या टायवर सूप सांडेल
त्या क्षणासाठी.
सांडलं एकदा. वाटाण्याचं.

यंत्रं शाळांपासून लांब ठेवावीत, असा मसुदा होता.
शक्यतो लांब ठेवावीत, असा कायदा झाला.
त्या वर्षीच्या बढतीतून स्वयंपाकघरात नवी फरशी आली.
बायको म्हणाली, छान आहे,
पण पायाला गार लागते.

मग आईचं आजारपण, आणि मी यॉर्कशरला परत.
हॉल्मबेकच्या नगर परिषदेत सिरिल मर्गट्रॉइडचा सल्लागार.
सिरिल पूर्वाश्रमीचा खाटीक,
हिशेबाला पक्का, भाषणाला कच्चा.
पोहण्याचा तलाव बंद करायचा होता.
मी लिहिलं: तलावाच्या वापराचा पुनर्विचार करण्यात येत आहे.
तो म्हणाला, अरे, बंद करतोय ना? मग बंद म्हण की.
मी हसलो. त्यानं माझंच वाक्य वाचलं,
‘पुनर्विचार’वर अडखळत.
पुढल्या उन्हाळ्यात छप्पर उतरवलं,
खोलगट भागात पावसाचं पाणी साचलं,
आणि पोरं तिथं बेडूक धरायला जाऊ लागली.

शेवटची नोकरी पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात.
तक्रारी तपासायच्या, शिफारस लिहायची,
सही साहेबांची.

ब्रेंडा स्टॅनिफर्थ आली ती मंगळवारी,
इस्पितळाच्या धुलाईघरातली पाळी संपवून.
हातांना अजून साबणाचा वास.
चहा नको म्हणाली.
मुलगा कॉलम, वय चोवीस, कोठडी क्रमांक सात,
पहाटे चार दहाला थंड.
प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं नोंदवहीची प्रत काढली.

दर अर्ध्या तासाला एक खूण. अकरा खुणा.
एकाच पेनाच्या, एकाच तिरकेपणाच्या, एका दमात मारलेल्या.
मला ओळखायला वेळ लागला नाही.
तलावाच्या जनसुनावणीचे अर्ज
आम्ही असेच भरले होते.

खाली नियम छापलेला:
अटकेतील व्यक्तीची पाहणी शक्यतो दर अर्ध्या तासाने करावी.
हा माझा नव्हता. दुसऱ्या कुणाचा तरी,
पण घडण घरातली.
तिनं त्यावर बोट ठेवलं. ‘हे शक्यतो म्हणजे काय हो?’

तीस वर्षांत अर्थ कुणी विचारला नव्हता.
मी म्हणालो, म्हणजे, जमलं तर.
‘कुणाला?’

त्या रात्री टेबलावर बसून होतो, पाय गार पडेपर्यंत.
सार्जंट रेनर यांनी पाहणी केली नाही.
सहा शब्द. कर्ता, कर्म, क्रियापद,
चौथीच्या पोराला येतं तसं.
मला पहाटेचे दोन वाजले.

साहेबांकडून कागद परत आला, समासात पेन्सिलीनं, अगदी सौम्य:
‘पाहणी होऊ शकली नाही’?
प्रश्नचिन्हासकट.
मी वाक्य तसंच ठेवून कागद पुन्हा वर पाठवला.
यात शौर्य काही नाही, निवृत्तीला सात आठवडे होते.

आता पाच उरलेत. वरून उत्तर नाही.
ब्रेंडा दर मंगळवारी फोन करते,
मागे यंत्रांची घरघर. मी सांगतो, अजून काही नाही.
ती ऐकून घेते. ठेवताना म्हणते,
‘शक्यतो लवकर कळवा.’

टोमणा असतो की सवय, विचारायचं धाडस होत नाही.