पन्नास

ज्योत्स्नाची गोंदियाची बदली रद्द झाली,
म्हणून शनिवारी पार्टी, पुढच्या खोलीत.
पंचवीस माणसं, मानेवाड्याहून सावजीचं मटण,
आणि भिंतीवर, मी म्हटलं, गाणं दिसलं पाहिजे.

दिसलं पाहिजे म्हणजे: जुना अॅम्प,
सीताबर्डीवरून आणलेला सेकंडहँड प्रोजेक्टर,
पलंगावरची पांढरी चादर चार खिळ्यांवर,
आणि लॅपटॉपात एक प्रोग्राम, जो आवाजाच्या
फोडी करतो आणि उभ्या मांडतो.
डावीकडे ढोल, उजवीकडे झांज,
मधे माणसाचा गळा, हिरवा.

मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
कूलरपुढे बसून मी रंग निवडत होतो,
साडीच्या दुकानात बसतात तसा,
हा दाखवा, नको, तो दाखवा.
नारिंगी मुद्दाम टाळला. नागपूर म्हटलं की
लोक तेवढंच दाखवतात.

गाणं थांबवलं. काड्या सगळ्या आडव्या झाल्या.
एक नाही झाली. डावीकडून तिसरी,
बोटभर उंच, ना चढे ना उतरे,
वर्ग सुटल्यावरही हात वर करून उभी.

वायर बदलली. प्लग उलटा लावला.
कूलर बंद केला, घाम की-बोर्डावर टपकला.
फ्रिज बंद केला, ज्योत्स्ना ओरडली,
दही आहे नं आत!
काडी तिथेच.

बाबा दारात उभे, बनियनवर, डोक्याला ओला दुपट्टा.
'काय करून राह्यला बे?'
'घुंऽऽ असा आवाज येऊन राह्यला. जाऊनच नाही राह्यला.'
त्यांना ऐकू कमी येतं. बत्तीस वर्षांत
कोराडीच्या टर्बाइनने थोडं थोडं करून नेलं.
एरवी ते माझ्या तोंडाकडे पाहतात.
आज भिंतीकडे पाहिलं, जवळ गेले,
चष्मा नव्हता, काडीखालचा आकडा काही दिसला नसणार.
'पन्नास,' म्हणाले. 'आमचा आहे तो.'

मग खुर्ची ओढली, बसले.
कंट्रोल रूममध्ये एक काटा असतो, म्हणाले.
रात्रपाळीला त्याच्याकडेच पाहायचं.
पन्नासच्या खाली सरकला की फोन,
कोणाचा तरी गाव अंधारात टाकायचा
आणि काटा वर आणायचा.
'तू झाला त्या रात्री
अठ्ठेचाळीस पॉइंट सात होता.
निघता नाही आलं.'

ते दवाखान्यात आले नव्हते, हे आई सांगायची.
आकडा कोणी सांगितला नव्हता.

'अर्थिंग सुकली असन तुझी,' म्हणाले, आणि उठले.
डब्यातलं मीठ घेतलं, बादली घेतली,
फाटकाजवळचं पत्र्याचं झाकण उचललं.
शेहेचाळीस अंशात एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस
जमिनीला पाणी पाजतोय
आणि मी आत, चादरीसमोर, कारण
भिंतीवर नजर ठेव, असा हुकूम होता.

पहिल्या बादलीला काडी नुसती थरथरली.
'उतरला काऽऽ?'
दुसऱ्या बादलीला अर्धी.
तिसऱ्या बादलीला पडली, सपाट,
कधी नव्हतीच अशी.
'उतरला काऽऽ?'
उतरला म्हणून मी ओरडलो, दोनदा,
शेजारचे बोकडे बाहेर आले.
मग खिडकीत जाऊन हात आडवा केला,
तळवा खाली, आणि हळूहळू खाली नेला.
त्यांनी मान हलवली. झाकण लावलं.

शनिवारी सगळे नाचले.
बोकड्यांच्या इशिताने माइकमध्ये अशी किंकाळी मारली
की उजवीकडची झांज चादरीबाहेर गेली.
बाबा कोपऱ्यात, प्लेट मांडीवर.
दोन गाण्यांच्या मधे भिंत कोरी व्हायची,
तेवढ्यापुरते ते मान वर करायचे,
डावीकडून तिसऱ्या जागेकडे.

मटण जहाल निघालं.
दही सगळं संपलं.