बाहेरचा आवाज

घरातल्या सगळ्या वाकळा काढून
खोलीच्या चारी भिंतींना टांगल्यात.
पंखा बंद. खिडकीत उशा कोंबलेल्या.
तांदळाच्या डब्यावर माईक, पुण्याहून कुरियरनं आलेला,
समोर मी, उघडाबंब, कमरेला पंचा,
दोनशे तेरावं पान.

बत्तीस वर्षं दशावतारात स्त्री पार्टी केली.
राण्या झालो, राक्षसिणी झालो,
एका जत्रेत तर माणूस कमी पडला म्हणून
एकाच रात्री सासू आणि तिचीच सून.
कागद कधी बघितला नाही.
निऱ्या घालता घालता पेटीवाल्याकडून कथा ऐकायची
आणि अकरानंतर तोंडाला येईल ते बोलायचं.
रानात सोडलेली माझी राणी एकदा
रॉकेलच्या भावावर बोलली होती.
आचऱ्यात अजून आठवण काढतात.

आता हे पुस्तक.
शंभर वर्षांपूर्वी कोणी लिहून ठेवलेलं.
स्वल्पविराम आहे तिथं थांबायचं, नाही तिथं नाही.
पुण्यातला पोरगा फोनवर म्हणतो, काका,
शब्द आपला नको हां एकही,
अंध मुलांना परीक्षेला आहे.

पहाटे चारला बसतो.
पाचला रापणीचे दोर ओढायला लागतात,
त्यांची हाळी उशांतून आत येते
आणि नायिकेच्या सासऱ्याच्या वाक्यात बसते.
मग पाववाला.
मग पेडवे घेऊन स्कूटरवरची फिलू.
तिला सत्यवती गडग्यापाशीच अडवते, तोंडावर बोट,
आणि दोघी खुणांनी घासाघीस करतात.
मला आतून दिसत नाही.
पण एवढी शांतता दुसऱ्या कशाची असणार?

आज नायिका घर सोडते ते प्रकरण.
एका ओळीत सोडते:
ती उठली आणि मागे न पाहता निघून गेली.
पहिल्यांदा वाचलं ते
देवळाच्या पारावरच्या शेवटच्या म्हाताऱ्यासाठी.
काटा लाल झाला.
दुसऱ्यांदा हळू.
तिसऱ्यांदा घामाचा थेंब "मागे"वर पडला.

दाराबाहेरून सत्यवती म्हणाली,
"अशी खंय कोण जाता?
आदी चुलीतलां लाकूड भायर काढीत मा ती.
पेजेवर झाकण ठेवीत.
मगे जायत."

पुस्तकात तसं नाही, म्हटलं.

"पुस्तकात नसात."

हिनं माझं एकही नाटक पुरतं पाहिलेलं नाही.
नाटकं रात्रीची. पोरं लहान, म्हैस गाभण.
मी कुठल्या कुठल्या गावात
बाईचं रडणं रडत होतो.

एका वर्षी, जत्रा ऐन भरात असताना,
कानामागचा सफेदा तसाच घेऊन
सकाळी घरी आलो.
चूल विझलेली. लाकूड बाहेर, टोक काळं.
पेजेवर झाकण.
पोरं शेजारी, तोंडं धुतलेली.
दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती आली,
पिशवी खुंटीला अडकवली
आणि म्हशीकडे गेली.
मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.
पेज मात्र मी खाल्ली होती, तशीच, थंड.

चौथ्यांदा लाल बटण दाबलं.
ती उठली
आणि थांबलो.
स्वल्पविराम नव्हता तिथं.
बाहेर टोपावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला,
हलकाच,
मग पुढचं वाचलं.

संध्याकाळी पुण्याहून निरोप:
काका, सात मिनिटं बारा सेकंदांना
भांडं वाजतंय. परत पाठवता का?

मी कळवलं, शब्द एकही बदललेला नाही.
ताडून बघ.

मग पंखा लावला.
वाकळा हलायला लागल्या.
त्यांत तिची लुगडी आहेत
आणि माझ्या राण्यांच्या साड्या,
कुठला तुकडा कोणाचा ते आता
तिला विचारावं लागेल.