अंदाजे

आमच्याकडे निघालेल्या माणसाला
कुठं चाललास, असं विचारत नाहीत.
विचारलंच कुणी चुकून, तर तो
ओट्यावर परत टेकतो, घोटभर पाणी पितो
आणि नव्यानं निघतो.
मला मात्र पगार मिळतो तो
हाच प्रश्न दर तीस सेकंदांनी विचारायचा.

सावद्यात, वरच्या खोलीत, कूलरसमोर,
मी केळीच्या गाड्यांचं अ‍ॅप लिहिते.
दिल्लीच्या व्यापाऱ्याला गाडी दिसायला हवी:
निळा ठिपका, सरकता,
बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर आणि पुढं.
ठिपका थांबला
की त्याच्या पोटात केळी पिकू लागतात.

फोनवाल्यांनी मध्ये एक सुधारणा केली.
'कायम' हे बटण दारातून उचललं
आणि आत, तिसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं.
चौकटीत उरलं
अ‍ॅप वापरताना. फक्त या वेळी. नको.
मालक म्हणाले, यामिनी,
ड्रायव्हर लोकांना तिसऱ्या खोलीपर्यंत पोचव.
मी लाल बाण काढले.
सेटिंग्ज उघडा, खाली सरका, कायम निवडा.
शेवटी लिहिलं, तुमच्या सुरक्षेसाठी.
चौदा जणांनी बाण पाळले.
वाचता न येणाऱ्या दोघांचं मीच दाबून दिलं.
त्यातला एक लुकमान तडवी.

लुकमानची गाडी रावेरच्या अलीकडे
एका कच्च्या वाटेच्या तोंडाशी थांबते.
चाळीस मिनिटं. दर खेपेला.
पडद्यावर लाल पट्टी: अनधिकृत थांबा.
पट्टीही माझीच.
मालकांनी बोलावलं, विचारलं.
"थांबतो मी तठी."
कशासाठी?
"थांबतो."
आणि टोपी नीट करून
तो मालकांच्या मागच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला.

एका रात्री मी नकाशा मोठा केला.
एक निंब. एक पत्रा.
पत्र्यावर वाळत घातलेलं काहीतरी.
उपग्रहाला पुसट दिसतं, मलाही.
अजून दोन बोटं ताणली असती
तर ते लुगडं की गोधडी, तेवढं कळलं असतं.
बोटं मिटली मी.
पण बघितलं होतंच.

'अचूक'च्या शेजारी एक शब्द असतो,
कुणी फारसा न दाबलेला: अंदाजे.
दाबला की ठिपका सुटतो, पसरतो,
कोसभर रुंद गोल होतो.
त्या गोलात मावतात
केळीचे बाग, पाटचारी, बंद पडलेली जिनिंग,
रसवंतीच्या घुंगरांचा आवाज,
एक निंब,
आणि चाळीस मिनिटं.
माझी आत्या पत्ता असाच सांगायची,
नदीपल्याड, चिंचेच्या अंगाला. माणसं पोचायची.

चार ओळी खोडल्या, दोन लिहिल्या.
आता अ‍ॅप आधी अंदाजे मागतं.
अचूक ज्याचं त्यानं द्यायचं, द्यायचं असेल तेव्हा.
मालकांना सांगितलं, बॅटरी वाचते.
खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं.
व्यापारी दोन दिवस ओरडला.
तिसऱ्या दिवशी केळी पोचली. हिरवीच होती.

मग श्रावणातल्या एका रात्री, दोन वाजून दहा,
उशाशी फोन थरथरला.
सिमरोलच्या घाटात, वळणावर,
टोकदार निळा ठिपका, मीटरभराच्या फरकानं.
बाण नसताना, अक्षर येत नसताना
त्यानं खोल्या ओळखल्या कशा कोण जाणे;
दारांच्या आकारावरून असेल.
पाठोपाठ आवाज, पावसात भिजलेला:
"पाटा तुटला ताई. अठी हाय मी. बराबर अठी."

महूचा मिस्त्री शोधला, पाठवला.
उजाडेपर्यंत त्या ठिपक्याकडे बघत बसले,
पहिल्यांदाच, न लाजता.

सकाळी चहा घेऊन वर आले
तर ठिपका विरघळून परत गोल झालेला.
त्यात कुठंतरी लुकमान
गाडी लावून तोंड धूत असेल.
किंवा नसेल.